मॉरिस सेंडॅक : बालमनातील भय आणि चित्रपुस्तकाचा रूपबंध

१

बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे प्रामुख्याने शब्दांची समीक्षा राहिली आहे. कथेचा आशय, कवितेतील नाद, भाषेची सुबोधता, संस्कारमूल्य यांची चर्चा होते. पुस्तकातील चित्रांची बोळवण मात्र 'आकर्षक' किंवा 'समर्पक' अशा एखाद्या विशेषणाने केली जाते. चित्रकाराचे नाव श्रेयनामावलीच्या पानावर असते, समीक्षेत क्वचितच असते. साहित्य अकादेमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० सालापासून दिला जातो, तोही लेखकाला. अमेरिकेत मात्र चित्रपुस्तकाच्या चित्रकारासाठी कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून आहे, आणि हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९६६ पासून लेखकाबरोबर चित्रकारालाही दिला जातो. हा फरक केवळ सन्मानाचा नाही. ज्याने अजून वाचायला सुरुवात केलेली नाही असे मूल पुस्तक कसे 'वाचते', या प्रश्नाकडे पाहण्याच्या दृष्टीचा तो फरक आहे.

या दृष्टीने मॉरिस सेंडॅक (१९२८-२०१२) यांच्या कारकिर्दीचा विचार उद्बोधक ठरतो. सहा दशकांच्या कालखंडात त्यांनी इतरांची आणि स्वतःची मिळून शंभराच्या आसपास पुस्तके चित्रांकित केली. १९७० साली अँडरसन पुरस्कार मिळवणारे ते पहिले अमेरिकन चित्रकार. २००३ साली अॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्यांना आणि ऑस्ट्रियन लेखिका क्रिस्टिन न्योस्टलिंगर यांना विभागून. परंतु सन्मानांच्या या यादीपेक्षा त्यांच्या वाट्याला आलेला विरोध अधिक अर्थपूर्ण आहे. मुलांना भीती वाटते, राग येतो, आपल्या माणसांविषयी त्यांच्या मनात क्रूर विचार येतात, हे त्यांनी चित्रांतून मान्य केले, आणि मान्य करण्याचा हा अपराध मोठ्यांना सहजासहजी क्षमा करता आला नाही.

२

सेंडॅक यांचा जन्म १० जून १९२८ रोजी न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आईवडील, सेडी आणि फिलिप, पोलंडमधून आलेले ज्यू स्थलांतरित. तीन भावंडांतील हे धाकटे. बालपणाचा मोठा भाग आजारपणात गेला. गोवर, न्यूमोनिया अशा दुखण्यांनी मूल वाचेल की नाही याची घरात सतत धास्ती असे, आणि ती त्या मुलाच्या कानांवरही पडत असे. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला जगाची ओळख खिडकीतून झाली. त्यांच्या चित्रांत खिडकी, पलंग आणि चंद्र या तीन वस्तू पुन्हा पुन्हा का येतात, याचे एक उत्तर येथे सापडते.

दुसरी छाया इतिहासाची. युरोपात मागे राहिलेले बहुतेक नातेवाईक नाझींच्या संहारात नष्ट झाले. ब्रुकलिनमधल्या सुरक्षित घरात ज्यांच्या मृत्यूची बातमी येई ती माणसे, आणि ज्यांच्यामुळे मुलांना 'तुम्ही जगलात' याचे ओझे वाहावे लागे ते घर, या वातावरणात सेंडॅक यांची संवेदनशीलता घडली. वडील मात्र उत्तम कथाकार होते. आपल्या गावाकडच्या गोष्टी ते मुलांना सांगत, त्यातली भीती आणि मृत्यू न गाळता. मौखिक परंपरेतील कथा मुलाच्या वयाचा विचार करून सौम्य केलेली नसते. सेंडॅक यांच्या कलेचे मूळ या न गाळलेल्या गोष्टीत आहे.

औपचारिक कलाशिक्षण त्यांना थोडेच लाभले. शालेय वयात त्यांनी चित्रकथांच्या पट्ट्यांची पार्श्वभूमी रंगवण्याचे काम केले. १९४८ साली भाऊ जॅक याच्याबरोबर त्यांनी लाकडी यांत्रिक खेळणी तयार केली आणि ती एफ. ए. ओ. श्वार्ट्झ या प्रसिद्ध खेळण्यांच्या दुकानात नेली. खेळणी विकली गेली नाहीत, पण सेंडॅक यांना दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्याची नोकरी मिळाली. रात्री ते आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकत. याच दुकानामुळे त्यांची हार्पर या प्रकाशनसंस्थेच्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी भेट झाली. या बाईंनी त्यांना एकेक पुस्तक देत घडवले. १९५१ साली मार्सेल एमे यांच्या कथांची चित्रे, १९५२ साली रूथ क्राउस यांचे 'अ होल इज टू डिग', १९५७ पासून एल्स मिनारिक यांची 'लिटल बेअर' मालिका असा हा क्रम आहे. संपादक हा केवळ मुद्रितशोधनाचा अधिकारी नसून कलावंताच्या वाढीचा साक्षी असू शकतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

क्राउस यांच्या पुस्तकातील मुले पाहावीत. ती बुटकी, गोलमटोल, विस्कटलेल्या केसांची, हावभावांत अतिरेकी आहेत. त्या काळच्या अमेरिकन बालपुस्तकांतील गोऱ्यापान, नीटनेटक्या मुलांशी त्यांचे काही नाते नाही. ही मुले ब्रुकलिनच्या रस्त्यावरची होती. १९४८ च्या सुमारास घराच्या खिडकीत बसून सेंडॅक समोर खेळणाऱ्या मुलांची रेखाटने करीत. त्यांतल्या रोझी नावाच्या एका मुलीवरून पुढे १९६० साली 'द साइन ऑन रोझीज डोअर' हे पुस्तक झाले. मुलांकडे मायेने पाहणे आणि मुलांचे निरीक्षण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेंडॅक यांच्यापाशी दुसरी गोष्ट प्रथम होती, आणि पहिली तिच्यातून आली.

३

१९६३ साली प्रसिद्ध झालेले 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे सेंडॅक यांचे मध्यवर्ती पुस्तक. साडेतीनशेहूनही कमी शब्दांची ही कथा. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरात धुमाकूळ घालतो. आई त्याला रानटी म्हणते, तो आईला खाऊन टाकण्याची भाषा करतो, आणि त्याला उपाशी झोपायला पाठवले जाते. खोलीत अरण्य उगवते, समुद्र येतो, मॅक्स नाव हाकारीत अक्राळविक्राळ प्राण्यांच्या प्रदेशात पोचतो, त्यांना नजरेने वश करून त्यांचा राजा होतो, त्यांच्याबरोबर दंगा करतो, आणि एकटेपणा जाणवू लागल्यावर परततो. खोलीत त्याचे जेवण वाट पाहत असते.

एवढा सारांश सांगून पुस्तकाविषयी जवळजवळ काहीच सांगितले जात नाही, कारण कथेचा खरा अर्थ पानाच्या रचनेत आहे. आरंभीचे चित्र उजव्या पानावर मधोमध, लहानसे, भोवती पांढरी कोरी जागा असलेले आहे. शिस्तीच्या चौकटीत कोंडलेल्या मुलाचे ते चित्र. मॅक्सचा राग वाढतो तसतसे चित्र पानागणिक मोठे होते. अरण्य वाढते तेव्हा समास नाहीसा होतो. समुद्र येतो तेव्हा चित्र पुस्तकाची मधली घडी ओलांडून शब्दांच्या पानावर अतिक्रमण करते. शेवटी सलग तीन जोडपाने अशी येतात की त्यांवर एकही शब्द नाही. उन्मादाच्या परमावधीला भाषा संपते. तेथे केवळ नाचणारी शरीरे, झाडांना लटकणे, मिरवणूक आणि चंद्र. त्यानंतर शब्द परत येतात, चित्र आकसू लागते, आणि अखेरच्या पानावर चित्रच नाही. जेवण अजून गरम आहे, एवढे सांगणारे मोजके शब्द फक्त आहेत.

आकृतिबंध आणि आशय यांच्या एकात्मतेविषयी आपण काव्यसमीक्षेत पुष्कळ लिहिले आहे. येथे ती एकात्मता वाचता न येणाऱ्या मुलालाही कळते. पान उलटण्याची क्रिया ही कवितेतील यतीसारखी वापरली आहे. चित्राचा विस्तार आणि संकोच हीच कथेची लय आहे. शब्दांनी सांगितलेले चित्राने पुन्हा सांगावे, ही चित्रपुस्तकाची रूढ कल्पना सेंडॅक यांना मान्य नव्हती. एकाने मागे सोडलेली जागा दुसऱ्याने भरावी, आणि क्वचित एकाने दुसऱ्याला खोटे पाडावे, अशी त्यांची रीत. आईचे उदाहरण घ्यावे. शब्दांत आई आहे, चित्रात ती एकदाही दिसत नाही. तिचे अस्तित्व रागावणाऱ्या आवाजापुरते आणि शेवटी ठेवलेल्या जेवणापुरते. दिसत नसलेल्या आईचे प्रेम त्या गरम वाडग्यात ठेवणे, ही शब्द आणि चित्र यांच्या मधल्या फटीतच शक्य झालेली गोष्ट आहे. त्या शेवटच्या विशेषणाऐवजी थोडा सौम्य शब्द योजावा असे संपादकीय मत होते. सेंडॅक यांनी ते मानले नाही. जेवण कोमट असून चालणार नव्हते. ते गरम आहे म्हणजे आई नुकतीच येऊन गेली आहे.

असेच चंद्राचे. आरंभी मॅक्सच्या खिडकीत चंद्रकोर आहे, अखेरीस त्याच खिडकीत पूर्णचंद्र. जेवण निवण्याइतकाही वेळ गेलेला नाही असे शब्द सांगतात, पंधरवडा गेला असे चंद्र सांगतो. दोन्ही खरे आहे, कारण बालमनाचा काळ घड्याळाचा नसतो. आणखी एक सूक्ष्म खूण अशी : कथा सुरू होते तेव्हाच जिन्याजवळच्या भिंतीवर मॅक्सने काढलेले एका रानटी प्राण्याचे चित्र लावलेले दिसते. म्हणजे हे प्राणी बाहेरून आलेले नाहीत. मॅक्सने त्यांना आधी काढले आहे, मग तो त्यांना भेटला आहे.

या प्राण्यांचे मूळही सांगण्याजोगे आहे. पुस्तकाचा पहिला आराखडा १९५५ सालचा, आणि त्यात रानटी घोडे होते. घोडे आपल्याला काढता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर सेंडॅक यांनी निःसंदिग्ध अशा प्राण्याऐवजी 'थिंग' हा मोघम शब्द निवडला. मग त्या 'गोष्टीं'ना रूप मिळाले ते लहानपणी रविवारी घरी येणाऱ्या मामा-मावश्यांचे. गालगुच्चे घेणारे, वाकडे दात दाखवीत 'किती गोड, खाऊन टाकावेसे वाटते' म्हणणारे ते आप्त. मराठी घरातही तान्ह्या मुलाला उद्देशून 'खाऊ का तुला?' असे लाडाने म्हटले जाते, आणि त्यातली गंमत मोठ्यांना जितकी कळते तितकी मुलाला कळतेच असे नाही. प्रेम आणि गिळणे यांतील अंतर मुलाच्या दृष्टीने फार थोडे असते. मॅक्स आईला खाऊ पाहतो, प्राणी मॅक्सला खाऊ पाहतात, आणि शेवटी खरे खाणे वाढून ठेवलेले असते. एका क्रियापदाभोवती कथा अशी फिरून पूर्ण होते.

४

१९६४ साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. ते स्वीकारताना केलेल्या भाषणात सेंडॅक यांनी आपली भूमिका स्पष्ट केली : भय आणि चिंता हे मुलांच्या नित्य जीवनाचे अंग आहे, निराशेशी ती सतत झुंजत असतात, आणि कल्पनारम्य खेळाच्या द्वारा ती या अनावर भावनांवर ताबा मिळवतात. ग्रंथपाल आणि पालक यांच्यातील अनेकांना ही भूमिका पटली नव्हती. विख्यात मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ साली एका लोकप्रिय स्त्रीमासिकातील सदरात पुस्तकावर टीका केली. आईने मुलाला उपाशी झोपायला पाठवणे म्हणजे त्याच्या सुरक्षिततेच्या मुळावर घाव, असा त्यांचा आक्षेप. पुस्तक न वाचता, मातांनी केलेल्या वर्णनावरून हा अभिप्राय दिलेला होता. विरोधाभास असा की याच बेटलहाइम यांनी १९७६ च्या 'द यूजेस ऑफ एन्चँटमेंट' या ग्रंथात परीकथांतील क्रौर्य मुलांच्या भावनिक वाढीला पोषक असते, असे सविस्तर प्रतिपादन केले. परंपरेने आलेले भय त्यांना हितकारक वाटले. समकालीन चित्रकाराने रेखाटलेले भय मात्र धोकादायक वाटले.

हा विरोधाभास आपल्यालाही लागू आहे. मौखिक परंपरेत भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघाच्या तावडीतून निसटते. राक्षस, चेटकीण, बागुलबुवा मुलांच्या जगात सुखेनैव वावरतात. छापील बालसाहित्यात हे सारे एक तर सौम्य होते किंवा बोधकथेच्या सेवेला जुंपले जाते. विंदा करंदीकरांच्या बालकवितेने या बोधप्रियतेला छेद दिला, आणि त्याआधी बंगालीत सुकुमार राय यांनी १९२३ च्या 'आबोल ताबोल'मध्ये स्वतःच्याच चित्रांसह अजब प्राण्यांचे जग उभे केले. राय यांचे प्राणी हसवतात, सेंडॅक यांचे प्राणी हसवण्यापूर्वी दचकवतात. परंतु कवी आणि चित्रकार एकच असल्यामुळे येणारी अखंडता दोघांतही आहे.

५

सेंडॅक यांनी पुढे दोन पुस्तके लिहिली, आणि 'वाइल्ड थिंग्ज'सह त्यांना त्रयी मानले. १९७० च्या 'इन द नाइट किचन'मध्ये मिकी हा मुलगा अंधारातून, कपड्यांतून निसटत, रात्रीच्या स्वयंपाकघरात पडतो. तेथील शहर बरण्या, डबे आणि बाटल्यांच्या गगनचुंबी इमारतींचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांतून स्वप्नांच्या चित्रकथा काढणारे विन्झर मॅके यांना केलेले हे अभिवादन. मिकी काही पानांवर नग्न आहे, एवढ्यावरून वादळ उठले. काही ग्रंथालयांत त्या चित्रांवर रंगाने लंगोट चढवण्यात आले. १९९० च्या दशकात अमेरिकेत ज्यांवर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले, अशा शंभर पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक होते. नग्नतेवर खिळलेल्या नजरांना एक गोष्ट दिसली नाही. तीन लठ्ठ आचारी, ऑलिव्हर हार्डी या विनोदी नटाचा चेहरा ल्यालेले, एका मुलाला पिठात कालवून भट्टीत घालायला निघतात. आचाऱ्यांच्या नाकाखालची ती आखूड मिशी आणि भट्टी यांचा संबंध ज्यू कुटुंबातील चित्रकाराच्या मनात कशाशी असेल, हे निराळे सांगावे लागत नाही. येथे मिकी भट्टीतून सुटतो.

१९८१ च्या 'आउटसाइड ओव्हर देअर'मध्ये वडील समुद्रावर गेलेले, आई विमनस्क, आणि तान्ह्या बहिणीला सांभाळणारी आयडा. तिचे लक्ष क्षणभर ढळते आणि पिशाच्चे बाळाला पळवून त्याच्या जागी बर्फाचे बाळ ठेवतात. याच्या मुळाशी १९३२ सालच्या लिंडबर्ग बालकाच्या अपहरणाची आणि हत्येची स्मृती आहे. चार वर्षांचेही नसलेल्या सेंडॅक यांच्या मनावर ती घटना कोरली गेली होती. धाकट्या भावाला सांभाळणारी बहीण नॅटली हीसुद्धा त्यात आहे. चित्रशैली जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकलेकडे झुकलेली, आणि एका दृश्यात दूरवर मोझार्टची आकृती. सेंडॅक या पुस्तकाला आपली श्रेष्ठ कृती मानीत.

येथे मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते. चित्रकला म्हणून हे पुस्तक निःसंशय समृद्ध आहे. परंतु 'वाइल्ड थिंग्ज'मध्ये प्रत्येक खूण मुलाच्या हाती लागण्याजोगी होती. येथे अर्थाचा मोठा भाग प्रौढ अभ्यासकाच्या संदर्भज्ञानावर अवलंबून आहे. १९९३ च्या 'वुई आर ऑल इन द डम्प्स'मध्ये बेघर मुले, रोगराई, उपासमार हे सारे दोन जुन्या बडबडगीतांवर लादले आहे, आणि गीतांचे नाजूक अंग त्या भाराखाली वाकते. आपण मुलांसाठी लिहीत नाही, आपण लिहितो आणि लोक त्याला मुलांसाठीचे म्हणतात, अशा आशयाचे विधान सेंडॅक उत्तरायुष्यात करीत. हे विधान त्यांच्या सामर्थ्याचे जितके निदर्शक आहे, तितकेच मर्यादेचेही. मुलाशी बांधिलकी हे बालपुस्तकाच्या कलेवरचे बंधन असते, आणि त्या बंधनातच 'वाइल्ड थिंग्ज'ची घट्ट वीण सिद्ध झाली होती.

६

दुसऱ्यांच्या शब्दांसाठी सेंडॅक यांनी जे काम केले, त्याचाही विचार केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही. १९६६ साली आयझॅक बॅशेव्हिस सिंगर यांच्या 'झ्लाटे द गोट' या यिद्दिश कथासंग्रहासाठी त्यांनी चित्रे काढली. सिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास तेव्हा बारा वर्षांचा अवकाश होता. घरातल्या छायाचित्रसंग्रहातून संहारात गेलेल्या नातेवाइकांचे चेहरे घेऊन सेंडॅक यांनी ते सिंगर यांच्या गावकऱ्यांना दिले. ज्यांना दफनभूमी मिळाली नाही त्यांना पुस्तकाच्या पानावर जागा मिळाली. १९८५ साली त्यांनी वडिलांनी लिहिलेली कथा चित्रांकित केली. २००३ साली नाटककार टोनी कुशनर यांच्यासह 'ब्रुंडिबार' केले. हान्स क्रासा यांची ही मुलांची संगीतिका. तेरेझिनच्या छावणीत कैदेतील मुलांनी १९४३ पासून तिचे ५५ प्रयोग केले. क्रासा यांचा १९४४ साली ऑश्विट्झ येथे अंत झाला, आणि त्या बालकलावंतांपैकी बहुतेकांचाही. चित्रांतील रंग उजळ, कथा मुलांच्या विजयाची. परंतु शेवटी पराभूत खलनायक पुन्हा येण्याची धमकी देऊन जातो. मुलांना खोटे आश्वासन द्यायचे नाही, हे सेंडॅक यांचे व्रत येथे अखेरपर्यंत पाळलेले दिसते.

८ मे २०१२ रोजी सेंडॅक यांचे निधन झाले. मनोविश्लेषक यूजीन ग्लिन यांच्याशी असलेले सुमारे ५० वर्षांचे सहजीवन ग्लिन यांच्या मृत्यूनंतर, २००८ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले. आईवडिलांना ते कधी सांगता आले नव्हते. मुलांशी खरे बोलावे असे आयुष्यभर आग्रहाने म्हणणाऱ्या या चित्रकाराला स्वतःच्या घरात मूल म्हणून खरे बोलता आले नाही, ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांतील बंद खोल्यांना आणि उघड्या खिडक्यांना वेगळा अर्थ देते.

सेंडॅक यांच्याकडून आपल्या बालसाहित्याने त्यांचे प्राणी किंवा त्यांची शैली घेण्याचे कारण नाही. ते प्राणी ब्रुकलिनच्या दिवाणखान्यात जन्मले, आपले आपल्या अंगणात जन्मावे लागतील. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. मुलाच्या मनात जे आहे ते तेथे आहे असे मानण्याचे धैर्य, ही पहिली. दुसरी समीक्षेसाठी आहे : समास, घडी, पानाचे उलटणे, चित्राचे मोठे होणे, एखाद्या पानावर चित्र नसणे, या सर्वांना अर्थ असतो आणि तो वाचावा लागतो. जेथे चित्रकाराला लेखकाचा दर्जा मिळत नाही, तेथे चित्रपुस्तक हे सचित्र पुस्तकच राहते. या दोहोंतील अंतर वाचता न येणाऱ्या मुलाला केव्हाच कळलेले असते. ते कळून घेण्याची पाळी आता आपली आहे.